‘सर्टिफिकेट आहे का?’ या प्रश्नाच्या आधी सुरू होणारा कायदा

‘त्याचं सर्टिफिकेट आहे का?’ चौथी-पाचवीतलं एखादं मूल वाचनात फार मागे आहे, फळ्यावरचं उतरवून घेताना रोज अडतंय, असा विषय स्टाफरूममध्ये निघाला की दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटचा हा प्रश्न पहिला येतो. ‘नाही? मग आईवडिलांना काढायला सांगा, आलं की बघू.’ सहामाही जाते, वार्षिक परीक्षा जाते आणि मूल तसंच पुढच्या वर्गात सरकतं. बडोद्यातल्या मराठी घरांतल्या कितीतरी जणी शिक्षिका आहेत. कुणी गुजराती माध्यमात शिकवते, कुणी इंग्रजी, कुणी नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या, म्हणजे महापालिकेच्या शाळेत. त्यांच्याशी बोलताना हा समज मला इतक्यांदा भेटतो की सुरुवात त्याच्यापासूनच करते. दिव्यांग मुलांच्या शिक्षणाचा कायदा गेल्या काही वर्षांत बराच बदलला आहे, आणि वर्गशिक्षकाला त्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही: शाळेची बरीचशी जबाबदारी प्रमाणपत्र हातात येण्याच्या आधीच सुरू होते.

या शहराला हा विषय नवा नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं, हे आपल्याकडे घरोघरी माहीत असतं. पुढची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. १९८७ मध्ये केंद्र सरकारने युनिसेफच्या साहाय्याने अपंग मुलांना साध्या शाळेतच शिकवण्याचा प्रकल्प देशात मोजक्या ठिकाणी राबवला. त्यात दोन महानगरपालिका होत्या, एक दिल्लीची आणि दुसरी बडोद्याची. म्हणजे आज ज्याला आपण समावेशक शिक्षण म्हणतो, त्याचे धडे इथल्या शाळांनी फार आधी गिरवले आहेत.

सातावरून एकवीस

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते: अंधत्व, अल्पदृष्टी, कुष्ठरोगमुक्त, श्रवणदोष, हालचालीचं अपंगत्व, त्या वेळच्या शब्दांत मतिमंदत्व, आणि मानसिक आजार. त्याच्या जागी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि यादी एकवीसवर गेली.

ही वाढ नुसती आकड्याची नाही. वर्गात रोज दिसणारी, पण १९९५ च्या यादीत न मोजली गेलेली मुलं या यादीने कायद्यात आणली. वाचन, लेखन किंवा गणितात अडणारी, म्हणजे विशिष्ट अध्ययन अक्षमता असलेली मुलं त्यात आहेत. स्वमग्न (ऑटिझम असलेली) मुलं आहेत, वाचा आणि भाषेच्या अडचणी असलेली मुलं आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकल सेल हे रक्ताचे आजारही त्यात आहेत. गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात सिकल सेलचं प्रमाण बरंच आहे आणि तिकडची कितीतरी कुटुंबं कामासाठी शहरात येऊन राहतात. अंग दुखतं म्हणून महिन्यातून तीन-चार दिवस घरी राहणारी मुलगी कामचुकार ठरवण्याआधी वर्गशिक्षिकेने तिच्या आईशी एकदा बोलावं, एवढं मला या यादीवरून आवर्जून सांगावंसं वाटतं.

दोन कायदे, एक वर्ग

शिक्षकाला दोन कायदे एकत्र वाचावे लागतात. पहिला शिक्षणहक्क कायदा, म्हणजे आरटीई. तो २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, आणि ६ ते १४ वयासाठी आहे. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग बालकांना ‘वंचित गटा’त आणलं, त्यामुळे खाजगी विनाअनुदानित शाळांतल्या २५ टक्के जागांच्या प्रवेशासाठी तीही पात्र ठरली. त्याच दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला. इथे नीट थांबायला हवं. हा पर्याय मुलाचा आणि पालकांचा आहे. ‘तुम्ही याला घरीच शिकवा, आम्ही नाव पटावर ठेवतो’ असं शाळेने सुचवायला हे कलम केलेलं नाही.

दुसरा कायदा वर सांगितलेला, २०१६ चा. त्याच्या ३१ व्या कलमात वय पुढे सरकतं. लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे ४० टक्के किंवा त्याहून जास्त, असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि तेही शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. म्हणजे आठवी झाली की हक्क संपला, असं या मुलांच्या बाबतीत होत नाही. नववीच्या फीसाठी अडलेले पालक आले तर हे कलम त्यांना सांगा.

अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांतल्या शिक्षकांचा एक वेगळा गोंधळ असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या ‘प्रमती’ निकालाने त्या शाळांना आरटीईतून बाहेर ठेवलं, म्हणून तिथे असं गृहीत धरलं जातं की यातलं काहीच आपल्याला लागू नाही. पण २०१६ चा कायदा सरकारी मदत किंवा सरकारी मान्यता असलेल्या सर्व शैक्षणिक संस्थांबद्दल बोलतो. त्यात अल्पसंख्याक शाळांसाठी अपवाद लिहिलेला नाही.

बदलायचं कुणी?

या कायद्यातली समावेशक शिक्षणाची व्याख्या प्रत्येक मुख्याध्यापकाने एकदा शांतपणे वाचावी अशी आहे. दिव्यांग आणि इतर मुलं एकत्र शिकतात, आणि शिकवण्या-शिकण्याची पद्धत वेगवेगळ्या दिव्यांग मुलांच्या गरजांप्रमाणे बदलून घेतलेली असते, असा तिचा आशय. पूर्वी प्रश्न असा असायचा की हे मूल आमच्या शाळेत टिकेल का. आता तो शाळेला विचारायचा आहे: या मुलासाठी तुम्ही काय बदललंत?

सोळावं कलम ही यादी देतं. भेदभाव न करता प्रवेश आणि खेळात संधी. इमारत वापरता येण्याजोगी. मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय. अंध आणि कर्णबधिर मुलांना त्यांना योग्य अशा भाषेत आणि माध्यमात शिक्षण. अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणं आणि त्याप्रमाणे शिकवणं. प्रगतीवर लक्ष. ने-आणीची व्यवस्था. कलमाची सुरुवात मात्र सरकार आणि स्थानिक संस्थांनी यासाठी ‘प्रयत्न करावा’ अशी मवाळ आहे. मला ती खटकते. इतक्या महत्त्वाच्या कलमात पळवाट वाटावी असा शब्द यायला नको होता. पण तिसरं कलम मवाळ नाही. ते दिव्यांगत्वाच्या कारणाने भेदभावाला मनाई करतं, आणि भेदभावाची व्याख्याच अशी केली आहे की वाजवी सोय नाकारणं हाही भेदभाव ठरतो.

मग वाजवी म्हणजे किती? शाळेवर अवाजवी, प्रमाणाबाहेरचा बोजा न टाकता करता येईल तेवढा बदल, असं कायदा म्हणतो. बडोद्यातल्या मांडवी, रावपुऱ्याच्या गल्ल्यांतल्या जुन्या शाळांच्या इमारती आठवा. अरुंद जिने, वर्ग पहिल्या मजल्यावर. व्हीलचेअर वापरणारी मुलगी सहावीत आली. लिफ्ट बसवायची ट्रस्टची ऐपत नसेल, हे मान्य होऊ शकतं. पण सहावी ‘ब’ तळमजल्यावर आणायला काय खर्च येतो? वर्ग खाली न आणता ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून प्रवेश नाकारला, तर त्या नकाराचं समर्थन शाळेला करावं लागेल. आणि प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची मुलाखत, चाचणी घेऊन निवड करणं तर आरटीईच्या १३ व्या कलमाने आधीच बंद केलेलं आहे. त्याला पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे.

वर्गातल्या बहुतेक सोयी तर फुकटच असतात. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पुढे बसवणं आणि फळ्याकडे तोंड करून न बोलणं. अल्पदृष्टीच्या मुलीसाठी प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरात काढणं. लिहायला वेळ लागणाऱ्याकडून उत्तर तोंडी घेणं. स्वमग्न मुलाला उद्या वेळापत्रक बदलणार आहे हे आजच सांगून ठेवणं. यांतल्या एकाही गोष्टीला डॉक्टरची सही लागत नाही.

कागद कुठे लागतो

गोंधळाचं मूळ असं आहे की दिव्यांगत्व आणि ४० टक्के या दोन गोष्टी लोक एकच धरतात. कायद्यात त्या वेगळ्या आहेत. दिव्यांग व्यक्ती ही एक व्याख्या. लक्षणीय दिव्यांगत्व ही तिच्या आतली छोटी व्याख्या, आणि ती आरक्षण, ३१ व्या कलमातलं मोफत शिक्षण, मोफत पुस्तकं आणि साधनं अशा ठरावीक लाभांसाठी आहे. भेदभावापासूनचं संरक्षण आणि वाजवी सोय मात्र पहिल्या, मोठ्या व्याख्येतल्या प्रत्येकासाठी आहे.

हे सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ च्या विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात अगदी स्पष्ट केलं. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराने नागरी सेवा परीक्षेसाठी लेखनिक, म्हणजे सांगितलेली उत्तरं लिहून देणारी व्यक्ती, मागितला. उमेदवार ४० टक्क्यांत बसत नाही म्हणून आयोगाने लेखनिक नाकारला. न्यायालयाने सांगितलं की लेखनिक ही वाजवी सोय आहे आणि तिला ४० टक्क्यांची अट लावता येत नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या आणि लिहायला अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुलशन कुमार प्रकरणात न्यायालयाने हेच तत्त्व पुन्हा ठामपणे मांडलं.

या सर्व स्पर्धा परीक्षांच्या गोष्टी आहेत, शाळेचा काय संबंध, असं वाटू शकेल. संबंध आहे. २०१६ च्या कायद्याच्या सतराव्या कलमात शालेय अभ्यासक्रम आणि परीक्षेतल्या बदलांची नावं घेतलेली आहेत: जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेतून सूट. केंद्राच्या २०१८ च्या परीक्षाविषयक सूचनांत जादा वेळ ताशी किमान २० मिनिटं धरला आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. हे पर्यवेक्षकाला माहीत नसेल तर काय होतं, ते २०२१ च्या अवनी प्रकाश प्रकरणात दिसलं. डिसग्राफिया, म्हणजे लेखनातली अक्षमता असलेल्या विद्यार्थिनीला वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत हक्काचा जादा वेळ मिळाला नाही, तिची उत्तरपत्रिका इतरांबरोबरच काढून घेतली गेली. परीक्षा केंद्रावर काम करणाऱ्यांना नियमांचं प्रशिक्षण द्या, असं न्यायालयाला सांगावं लागलं. मार्चमध्ये पर्यवेक्षणाची ऑर्डर निघते तेव्हा त्या यादीत आपलंच नाव असतं.

बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतीसाठी मात्र कागद लागतोच, आणि वेळेत लागतो. म्हणून दहावीच्या दिवाळीत धावपळ करण्यापेक्षा हा विषय सातवी-आठवीतच काढावा.

तीन लिप्यांच्या मधलं मूल

बडोद्यातल्या मराठी घरांपुरता सर्वांत नाजूक मुद्दा अध्ययन अक्षमतेचा आहे. मूल घरी मराठी बोलतं. शाळा गुजराती किंवा इंग्रजी. हिंदी असतेच, पुढे संस्कृत येतं. २०२३ च्या राज्याच्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती सगळ्या शाळांत सक्तीची झाली आहे. म्हणजे देवनागरी, गुजराती आणि रोमन या तीन लिप्या सात-आठ वर्षांच्या हाताला एकाच वेळी वळवायच्या असतात. गुजराती आणि देवनागरीतली कितीतरी अक्षरं सारखी, पण वरची रेघ नाही, आणि अ, ख, ज, झ, फ ही निराळी. आजी घरी देवनागरी गिरवून घेते, शाळेत बेन, म्हणजे शिक्षिका, गुजराती. अशा मुलाने गुजरातीच्या वहीत देवनागरी ‘ज’ काढला तर त्यात अक्षमता कसली? ते दोन भाषा शिकतंय, आणि थोडा वेळ घेतंय.

याच्या उलट चूकही तितकीच होते. ‘घरी मराठी आहे ना, म्हणून गुजराती कच्चं,’ असं म्हणत खरी अक्षमता सहावी-सातवीपर्यंत झाकली जाते. दोन्ही चुका टाळायच्या तर मुलाची घरची भाषा कामाला लावावी. त्याला मराठीत एखादी गोष्ट सांगायला लावा. क्रमाने, नीट सांगतो का? ‘कमळ’ मधले आवाज सुटे करून दाखवतो का, ‘क’ काढला तर काय उरतं हे त्याला सांगता येतं का? तोंडी बेरीज येते आणि कागदावर तीच चुकते का? नव्या लिपीचा गोंधळ असेल तर तो सरावाने काही महिन्यांत ओसरतो आणि घरच्या भाषेतली समज शाबूत दिसते. अक्षमता असेल तर अडचण एका लिपीत राहत नाही. ती तिन्हींत दिसते, आणि सराव करूनही तिथेच राहते. शिक्षिका स्वतः मराठी असेल तर हे दोन मिनिटांत उमगतं. नसेल तर शेजारच्या वर्गातल्या मराठी बेनला बोलवावं, संकोच करू नये.

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनी ही प्राथमिक पाहणी करायची आहे, आणि प्रत्येक शाळेत, सरकारी असो की खाजगी, मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी समिती असायला हवी. आपल्या शाळेत ती आहे का, हे उद्याच विचारा. पाहणीसाठी एनसीईआरटी या केंद्राच्या शैक्षणिक संस्थेचं ‘प्रशस्त’ हे साधन आहे, मोबाइलवरही मिळतं. एकवीसही प्रकारांची लक्षणं त्यात प्रश्नांच्या रूपात आहेत. पहिला भाग वर्गशिक्षकाने भरायचा, दुसरा विशेष शिक्षकाने. एवढ्यावर निदान होत नाही. पुढे तपासणीला पाठवायचं की नाही, इतकंच त्यातून ठरतं.

निदान आणि प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातून. अर्ज यूडीआयडी या दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र एकदा काढून भागत नाही. १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी होते, हे पालकांना आधीच सांगितलं तर पुढे त्यांची पळापळ वाचते.

आणि पालकांशी बोलायचं कसं? ‘तुमच्या मुलात प्रॉब्लेम आहे’ असं वाक्य ऐकल्यावर पुढचं कुणालाच ऐकू येत नाही. ‘काकू, तो गोष्ट छान सांगतो, पण लिहायला घेतलं की त्याच ओळीवर अडकतो, घरी पण असंच होतं का?’ असं विचारलं तर त्या स्वतःच बोलू लागतात. घरात आजोबा म्हणत असतात, ‘याचा बापही उशिराच वाचायला शिकला.’ ते उडवून लावू नका. अध्ययन अक्षमता घराण्यात पुढे चालत येऊ शकते, तेव्हा आजोबांच्या त्या वाक्यात उपयोगाची माहिती असू शकते. हे बोलणं फाटकाशी, इतर पालकांसमोर करू नये. दिव्यांग व्यक्तीला अपमानित करण्याच्या हेतूने चारचौघांत मुद्दाम हिणवणं हा २०१६ च्या कायद्याच्या ९२ व्या कलमाने सहा महिने ते पाच वर्षं कैदेचा गुन्हा आहे. वर्गात ‘ठोंब्या’ म्हणण्याची सवय ज्यांना आहे त्यांनी हे कलम जरूर वाचावं.

विशेष शिक्षक कुठे आहेत?

हा प्रश्न शिक्षक मला रागाने विचारतात आणि तो राग रास्त आहे. साठ मुलांचा वर्ग, त्यात हे सगळं एकटीने कसं करायचं? रजनीश कुमार पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढे पंधरांमागे एक. २०२२ मध्ये केंद्राने ते आरटीईच्या परिशिष्टात घातलं. राज्यांनी तेवढी पदं निर्माण केली नाहीत, म्हणून मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने पदं जाहीर करून भरा, असा आदेश पुन्हा दिला. ही माणसं भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेली, म्हणजे १९९२ च्या कायद्याप्रमाणे पात्र हवीत. चार दिवसांचं शिबिर केलेल्या साध्या शिक्षकाला विशेष शिक्षक म्हणून दाखवता येत नाही.

पद रिकामं असेल तर मुख्याध्यापकांनी तसं लेखी मागावं, पटावरच्या मुलांच्या संख्येसह. संख्या दिसली तरच पद मंजूर होतं, आणि ओळखलीच न गेलेली मुलं कुठल्या संख्येत येत नाहीत. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेत अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद आणि मुलींसाठी दहा महिने दरमहा २०० रुपये विद्यावेतन आहे. तेही याच नोंदीवर अवलंबून असतं.

शाळा ऐकत नसेल तर पालकांना राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. २०१६ च्या कायद्याच्या उल्लंघनाला पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड आहे, नंतर पन्नास हजार ते पाच लाख. पण तिथवर प्रकरण जाण्याआधी शिक्षकाच्या हातात एक साधं साधन असतं: मुलाच्या नावाची वही. कोणत्या तारखेला काय पाहिलं, काय बदलून पाहिलं, त्याने काय फरक पडला, पालकांशी कधी बोलणं झालं. रुग्णालयातले मानसशास्त्रज्ञ पहिल्या भेटीत याच गोष्टी विचारतात. बोर्डाकडे जादा वेळेचा किंवा लेखनिकाचा अर्ज जातो तेव्हा याच नोंदी उपयोगी पडतात. आणि पुढच्या जूनमध्ये वर्ग बदलला की नव्या वर्गशिक्षिकेला शून्यापासून सुरू करावं लागत नाही. दर नोंदीखाली सही आणि तारीख तेवढी घाला.